गढीचं कुलूप आणि बनगरवाडीचा दुष्काळ: कथा-कादंबरीतलं प्रतीक कसं वाचायचं

चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न उताऱ्यावरचा होता. काढणीला आलेला गहू, भरदुपारी दाटून आलेलं आभाळ आणि अंगणात उभी राहून वर नुसती बघत राहिलेली म्हातारी. 'उताऱ्यातील पावसाचे प्रतीक स्पष्ट करा.' केजकडच्या एका मुलानं लिहिलं होतं, 'पाऊस हे आनंदाचे व नवजीवनाचे प्रतीक आहे.' गाइडमधलं वाक्य, जसंच्या तसं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नव्हतं, आणि त्याच्या घरचा गहू तेव्हा आडवा झाला होता हे मला ठाऊक होतं. त्याला बोलावून विचारलं, "खरंच असं वाटतं का रे तुला?"

"वाटत नाही मॅडम, पण परीक्षेत तसंच लिहायचं असतंय ना?"

अंबाजोगाईत मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि रविवारी सकाळी घराच्या ओसरीवर आठ-दहा जणांना घेऊन वाचत बसते. त्यात बी. ए.ची पोरं आहेत, सेट-नेटची तयारी करणारे दोघं आहेत, एक निवृत्त तलाठीकाका आहेत. साहित्यातल्या संज्ञा आणि प्रतीकं शिकायची आमची जी रीत तिथं हळूहळू बसत गेली, ती इथं पायरीपायरीनं सांगते. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काही ओलांडून जायच्या, काहींवर बसकण मारायची.

पहिली पायरी: हातात पेन्सिल न घेता वाचा

पुस्तक एकदा नुसतं वाचा. खुणा नकोत, वही नको. पुढं काय झालं, कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, एवढंच कळू द्या. ज्याला गोष्टच कळलेली नाही तो प्रतीक शोधायला लागला की प्रत्येक झाडाला देव समजून शेंदूर फासत सुटतो.

दुसरी पायरी: संज्ञा आपल्या बोलण्यातून उचला

संज्ञांची यादी पाठ करून काही होत नाही, हे मी स्वतःवर प्रयोग करून सांगते. एम. ए.ला असताना व्याख्या घडाघडा म्हणायची, आणि समोर उतारा आला की पाटी कोरी.

त्यापेक्षा घरापासून सुरू करा. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मोजदाद 'कोयत्या'त होते. मुकादम म्हणतो, "यंदा वीस कोयते आहेत." म्हणजे वीस हत्यारं नव्हेत, वीस नवरा-बायकोच्या जोड्या. एकटा गडी असेल तर 'अर्धा कोयता'. हत्याराचं नाव घेऊन माणूस सांगायचा, याला आपल्या शास्त्रात लक्षणा म्हणतात. आणि एकदा हे लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: माणसाला हत्याराच्या नावानं मोजणाऱ्या भाषेत माणसाची किंमत काय असेल? लेखकानं हाच शब्द कथेत मुद्दाम वापरला, तर तिथून पुढं प्रतीकाची हद्द लागते.

संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचं ठरलेलं उदाहरण आहे, 'गंगेवर गवळीवाडा'. प्रवाहावर वाडा कसा असेल? म्हणजे गंगेच्या काठावर. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत असेल. आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात, गंगाखेड गावाचं नावच त्यावरून पडलेलं, आणि "गंगेवर शेत आहे" असं म्हटलं तर कुणी पाण्यात औत बघायला जात नाही.

शब्दाच्या तीन शक्ती मानतात: सरळ अर्थ सांगणारी अभिधा, मग ही लक्षणा, आणि तिसरी व्यंजना, म्हणजे न बोललेलं सुचवणारी. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त, म्हणजे अकराव्या शतकात, 'सूर्य मावळला' या एका वाक्याचे ऐकणाऱ्यागणिक वेगळे अर्थ कसे निघतात ते दाखवलंय. आमच्या ओसरीवर आम्ही त्याचं 'दिवस बुडाला' केलं. खुरपणाऱ्या बाईला ऐकू येतं, सुट्टी झाली. सुनेला ऐकू येतं, चूल पेटवा. ज्याच्या पंपाला रात्रीच वीज मिळते त्याला ऐकू येतं, चला आता दारं धरायला. वाक्य एकच, शब्दाचा अर्थही तोच, पण सुचलेलं वेगळं. आनंदवर्धनानं नवव्या शतकात या सुचलेल्या अर्थालाच ध्वनी म्हटलं आणि काव्याचा आत्मा तोच असं सांगितलं. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन गोष्टी पक्क्या झाल्या तर प्रतीकाचं निम्मं काम झालं असं मी समजते.

आता वहीचं. दोनशे पानी वही घ्या, एका संज्ञेला एक पान. पानावर तीनच गोष्टी: गावातलं किंवा घरातलं एक उदाहरण, वाचलेल्या पुस्तकातलं एक, आणि तिसरं 'हे नव्हे', म्हणजे जे तसं वाटतं पण नाही असं एक. तिसरी ओळ लोक टाळतात, आणि शिकणं तिथंच होतं. पहिल्या पंधरा दिवसांत दहा-बारा संज्ञा पुष्कळ झाल्या: निवेदक, दृष्टिकोन, कथानक, पार्श्वभूमी, प्रतिमा, रूपक, प्रतीक, रूपककथा, मिथक, उपरोध, चेतनगुणोक्ती. व्याख्या अडली की मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. मराठी वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांचा खंड किंवा प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके आदींनी संपादित केलेला 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' ग्रंथालयात मिळाला तर उत्तमच.

एक इशारा. 'रूपक' हा शब्द फार घोळ घालतो. शाळेत तो अलंकार असतो, संस्कृत नाट्यशास्त्रात नाटकाचा प्रकार असतो, आणि शेजारच्या तबलजीला विचाराल तर तो सात मात्रा मोजायला लागेल. पुस्तकात रूपक दिसलं की आधी बघा, कोणतं बोलतायत.

तिसरी पायरी: चार शेजाऱ्यांची हद्द आखा

प्रतिमा, रूपक, रूपककथा आणि प्रतीक. भांडणं यांच्याच बांधावर होतात.

प्रतिमा म्हणजे डोळ्याला, कानाला, नाकाला, त्वचेला जाणवणारं शब्दचित्र. भेगाळलेली काळी जमीन, एवढंच. रूपक म्हणजे दोन गोष्टी एकच आहेत असं म्हणणं: 'त्याचं कपाळ म्हणजे भेगाळलेली जमीन.' इथं जमीन नाहीच, कपाळ आहे. प्रतीकात मात्र जमीन खरोखर असते, कथेतली माणसं तिच्यात पेरतात, तिच्यावर कर्ज काढतात, आणि ती जमीन असता असताच आणखी काहीतरी सांगत राहते.

रूपककथेसाठी आपल्या पैठणच्या नाथांकडं जा. विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथच सांगून टाकतात, वर सत्त्वगुणाचा अंगारा लावा असा उताराही देतात. एकेका वस्तूला एकेक अर्थ, किल्ली गाण्यातच बांधलेली. भारुड ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलं पाहिजे म्हणून ते तसंच हवं.

मला स्वतःला यापेक्षा जास्त उपयोगी पडला तो महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ'. श्रीचक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त केसोबासांनी त्यात मांडले आहेत, आणि मांडणी तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्ताची गोष्ट, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लागू करायचं ते. आंधळे आणि हत्ती ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्यात आहे. पोरांना मी सांगते, आधुनिक कादंबरीकार मधली गोष्ट तेवढी तुमच्या हातात ठेवतो, सूत्र आणि दार्ष्टान्तिक काढून घेतो. ते दोन्ही तुम्ही वहीत लिहून बघा. एका वाक्यात दार्ष्टान्तिक लिहून झालं आणि गोष्टीत काहीच उरलं नाही, तर ती रूपककथा. तीन वाक्यं लिहूनही गोष्ट पुरून उरली, तर ते प्रतीक.

चौथी पायरी: खुणा शोधा (इथं बसायचं)

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या. कोणतीही वस्तू, जागा, प्राणी, रंग किंवा हावभाव पुन्हा आला की समासात बारीक टिंब. एकदाच आलेलं सोडून द्या, मात्र ते शीर्षकात, पहिल्या पानावर किंवा शेवटच्या पानावर असेल तर सोडू नका. गरजेपेक्षा जास्त वेळ ज्या वस्तूवर लेखक रेंगाळतो तिलाही टिंब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती वस्तू दर वेळी तशीच येते की बदलत जाते, ते बघा.

सरावासाठी मी ओसरीवर एक छोटा उतारा लिहून दिला होता. तोच इथं देते.

'आबा रोज सांजच्याला गढीच्या दाराचं कुलूप ओढून बघायचे. गढीची मागची भिंत कधीच बसली होती. शेळ्या तिकडून आत-बाहेर करायच्या. श्रावणात सून म्हणाली, किल्ली कुठंय? आबा म्हणाले, तिजोरीत. तिजोरी तर मागच्या साली मोडीत गेली होती. पावसात आणखी एक बुरूज खचला. त्या दिवशी आबांनी कुलपाला तेल घातलं.'

मराठवाड्यात गढी दाखवायला लांब जावं लागत नाही. देशमुखांच्या, पाटलांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या गावोगाव ढासळलेल्या उभ्या आहेत. म्हणून पहिलं उत्तर झटकन आलं, "गढी म्हणजे सरंजामशाहीचा ऱ्हास." बरोबर आहे, पण हे उतारा न वाचताही सांगता आलं असतं. मी म्हटलं, टिंबं मोजा. गढी दोनदा. कुलूप दोनदा, त्यात किल्ली धरली तर तीनदा, आणि सुरुवात-शेवट दोन्हीकडं कुलूपच. मग क्रियापदं काढा: ओढून बघणं, किल्ली विचारणं, तेल घालणं. भिंत पडत चालली तशी कुलपाची निगा वाढत गेलीय. पडझड आबांना दिसत नाही असं नव्हे. दिसते म्हणूनच तेल घातलं जातं. म्हणजे गढी ऱ्हास सांगत असेल, कुलूप मात्र तो कबूल न करण्याची धडपड सांगतंय. दोन वस्तू, दोन कामं.

मग शेळ्या? तलाठीकाका म्हणाले, शेळ्या म्हणजे लोकशाही. हसलो सगळे. माझं मत असं पडलं की शेळ्या प्रतीक नाहीत, पुरावा आहेत. गढी उघडी आहे हे वाचकाला दाखवायला आणि आबांचं थोडं हसू यायला त्या आहेत, बस.

कोपऱ्यात बसलेली बी. ए.ची एक मुलगी तोवर गप्प होती. म्हणाली, "मॅडम, कुलूप कुणासाठी लावलं होतं ते कुणी विचारलंच नाही. आमच्या आज्जीला गढीच्या पायरीवर चढू देत नव्हते. ते कुलूप आमच्यासाठी होतं. आणि शेळ्या आमच्याच असणार, गढीवाले कुठं शेळ्या राखतात?"

ओसरीवर कुणी बराच वेळ बोललं नाही. उतारा लिहिताना माझ्या डोक्यात हे नव्हतं. पण उताऱ्यात ते बसतं: कुलूप बाहेरच्यासाठी असतं, आणि बाहेरचे मागून कधीच आत आलेत. शेळ्यांबद्दलचं माझं मत मी त्या दिवशी मागं घेतलं. गावाकडच्या कथेतल्या आडाचंही असंच आहे. एकासाठी आड म्हणजे सुनांनी सुखदुःख बोलायची जागा, दुसऱ्यासाठी जिथं आपल्या घागरीला मनाई ती जागा. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडलं त्यानंतर मराठीत पाणवठा हा शब्द निरागस राहिलेला नाही. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेल्या 'अस्मितादर्श' या दलित साहित्याच्या नियतकालिकानं ही नजर मराठवाड्याच्या वाचकाला दिली. ती नसेल तर तुमचं प्रतीकवाचन अर्ध्या गावाचंच होईल.

पाचवी पायरी: अर्थ घासून बघा

अर्थ सुचला की त्याच्यावर लगेच प्रेम करू नका. आधी वस्तूला वस्तू म्हणून पूर्ण मान द्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) शेवटी दुष्काळ पडतो आणि धनगरांचं गाव उठतं. ज्या गावानं अंगमेहनतीनं तालीम बांधली, राजाला बोलावून तिचं उद्घाटन केलं, ते गाव ओस पडतं. मुलं लगेच लिहितात, दुष्काळ म्हणजे मानवी जीवनातील रितेपण. अरे, आधी दुष्काळ म्हणजे दुष्काळ! मेंढरांना चारा नाही, माणसाला पाणी नाही. १९७२ चा दुष्काळ सोसलेली माणसं आमच्या घराघरात आहेत. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते या मुलांनीच पाहिलंय. त्याच कादंबरीत शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा देते. तो प्रसंग आधी खांद्यावर जाणवला पाहिजे. मग 'रितेपण' म्हणायचं का, हे तुम्हालाच कळेल. मला विचाराल तर नको.

दुसरी कसोटी: वस्तू बदलून बघा. कुलपाच्या जागी कडी घातली तर काय बिघडतं? किल्लीचा प्रश्न जातो, तेल जातं, म्हणजे बरंच बिघडतं. काहीच बिघडलं नाही तर ती वस्तू नुसतं सामान आहे.

तिसरी: तुमच्या अर्थाच्या विरुद्ध जाणारं एक तरी वाक्य पुस्तकात शोधा. सापडलं तर अर्थ थोडा वाकवा. अजिबात वाकत नसेल तर सोडा.

माझी फजिती सांगते. एका जुन्या कादंबरीतलं एक प्रकरण अर्ध्या वाक्यावर तुटत होतं. मी वर्गात अर्धा तास त्यावर बोलले: तुटलेलं वाक्य म्हणजे तुटलेलं आयुष्य, वगैरे. पुढच्या आठवड्यात एका मुलानं दुसरी प्रत आणली. वाक्य व्यवस्थित पूर्ण होतं. आमच्या प्रतीचं पान गळालेलं होतं. पृष्ठांक बघायची तसदी मी घेतली नव्हती.

सहावी पायरी: सांगतंय कोण?

प्रतीक कुणाच्या डोळ्यांतून दिसतंय ते लिहून ठेवा. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये यमू स्वतः सांगते, म्हणून केशवपनाचा प्रसंग समाजसुधारणेचं उदाहरण होऊन थांबत नाही. 'बनगरवाडी' बाहेरून आलेला तरुण मास्तर सांगतो. गावाला जे नेहमीचं, ते त्याला नवं दिसतं, आणि म्हणून आपल्यालाही.

आपल्या मातीतलं सर्वांत चांगलं उदाहरण रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). गावातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची गोष्ट त्याची बायको पारबती तिच्या बोलीत सांगते. पाचोळा म्हणजे झाडावरून गळालेला, वाळलेला, वारा नेईल तिकडं जाणारा. हा शब्द शीर्षकात ठेवून लेखक बाजूला झाला. पारबती काही प्रतीक म्हणून बोलत नाही, ती घरातलं सांगते. वाचताना दर प्रकरणाअखेर वहीत एकच प्रश्न लिहा: या प्रकरणात वारा कोण आहे? उत्तर बदलत जाईल. याच्या शेजारी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ठेवून बघा. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्यानं स्वतःभोवती विणलेला कोश. पाचोळ्याला वारा बाहेरून लागतो, कोशाचा धागा किड्याच्या स्वतःच्या तोंडातून येतो. एवढा फरक 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आणि पारबती यांच्या सांगण्यात कुठं कुठं उतरलाय, हे शोधण्यात आमचे दोन रविवार गेले.

जी. ए. कुलकर्णी मुद्दाम शेवटी ठेवा. 'रमलखुणा', 'पिंगळावेळ' यांतल्या कथांत प्रतीकं इतकी दाट आहेत की नवशिका एकतर बुडतो किंवा सगळ्याला नियती म्हणून मोकळा होतो.

सातवी पायरी: काळ तपासा

थोडक्यात सांगते. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले. त्यांचं बहुतेक लेखन निजामाच्या राजवटीत झालं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं. त्याआधीच्या मराठवाड्यातली कचेरी, शाळा किंवा मोर्चा आजच्या अर्थानं वाचू नका. घरात कुणी नव्वदीतलं असेल तर आधी त्यांना विचारा. नरहर कुरुंदकरांचं 'धार आणि काठ' मराठी कादंबरीविषयी आहे. ते कादंबऱ्या वाचून झाल्यावर उघडा. आधी वाचलंत तर त्यांचीच मतं तुमची वाटायला लागतील, माणूस फार पटवून देतो.

आठवी पायरी: लिहायचं कसं

'अमुक हे तमुकचे प्रतीक आहे' या साच्यात वाक्य सुरूच करू नका. वस्तू कुठं येते, काय बदलतं, कुणाला दिसतं, आणि मग काय सुचतं, या क्रमानं जा. उताऱ्यातले दोन-तीन शब्द अवतरणात द्या. 'आहे'पेक्षा 'सुचवते' बरं.

त्या केजच्या मुलाला मी पेपर परत दिला आणि पुन्हा लिहायला लावलं. त्यानं लिहिलं: 'पाऊस सहसा आनंद सुचवतो. पण इथे गहू काढणीला आला आहे आणि म्हातारी पळत नाही, ओरडत नाही, "नुसती बघत" राहते, कारण करण्यासारखे काही उरलेले नाही. ज्याची वर्षभर वाट पाहिली तेच नको त्या वेळी आले, असा हा पाऊस आहे.'

पाचपैकी साडेचार दिले. मग त्यानं विचारलं, "मॅडम, बोर्डात पेपर तपासणारे गाइडवालेच निघाले तर?" म्हणून पहिलं वाक्य तसंच राहू दे म्हटलं. रूढ अर्थ एका वाक्यात आधी मांडायचा, 'पण' म्हणायचं, आणि पुढची दोन वाक्यं उताऱ्यातल्या शब्दांना धरून आपली लिहायची. अर्धा गुण कशाचा कापला, तेही त्यानं विचारलं. 'नवजीवन' खोडलं होतं, पण खाली 'गारपीट' ऱ्हस्व लिहिली होती.